तंजावरची शाळा आपल्याला परकी का वाटली?

आदरणीय संपादक महोदय,


मराठी शाळांच्या इतिहासावरचा आपला विशेषांक इथे चेन्नईजवळच्या आवडी गावी टपालाने आला. एल्फिन्स्टन आहेत, बाळशास्त्री आहेत, १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा आहे; ती तर असायलाच हवी. तंजावर मात्र कुठेच नाही. त्यावरचा माझा लेख आपण परत पाठवलात. ‘हा दक्षिणेचा विषय आहे’, एवढं एकच वाक्य सोबत होतं. ते फार लागलं.

रामेश्वरला निघालेले यात्रेकरू वाटेत तंजावरच्या भोसल्यांच्या छत्रांत उतरत. छत्र म्हणजे अन्नछत्र नि धर्मशाळा एकत्र. वाटेतच आईबाप गेले तर पोरांनी जायचं कुठे? दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ साली कंपनी सरकारला लिहिलेल्या पत्रात याचं उत्तर आहे. परमुलखातल्या वाटसरूंची अनाथ मुलं छत्रातल्या पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालणं, कपडे, दुखण्याखुपण्यात औषध. ज्या विद्येची ओढ असेल ती शिकवायची. शिकून तयार झालं की लग्नाचा खर्चही छत्रानंच उचलायचा! संपादक महोदय, अशी शाळा आपल्या त्या अंकात दुसरी कुठली आहे?

तेव्हा राजांच्या हाती राज्य उरलं नव्हतं. १७९९ च्या तहानं मुलूख कंपनीकडे गेला होता. तरी छत्रं आपल्याकडे राहावीत म्हणून ते कंपनीला विनवत होते. पुढे त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावानं मराठीत छापल्या. एल्फिन्स्टनसाहेब मुंबईचे गव्हर्नर व्हायला तेव्हा तेरा वर्षं अवकाश होता. राजांच्या शाळांत मराठीबरोबर तमिळ, तेलुगू, संस्कृत, इंग्रजीही चाले. म्हणून का त्या आपल्या नव्हेत?

१८५५ मध्ये तंजावर खालसा झालं, आणि आमची तंजावरची मराठी माणसं पोटासाठी पांगली. खूप पुढे माझे वडील आवडीच्या रणगाडा कारखान्यात लागले. पुण्या-नागपूरहून बदलीवर आलेले शेजारी आजही विचारतात, ‘तुम्ही मराठी कसे?’ त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायचं काम आपलं होतं. आमची मुलं घरात मराठी बोलतात, पण ती वाचायला शिकवणारी शाळा त्यांना इथे नाही. आपल्या इतिहासातही त्यांना जागा नसेल, तर मी त्यांना काय दाखवू?

लेख पुन्हा पाठवतो आहे. चुका असतील तर खुशाल काढा, पण ‘दक्षिणेचा’ म्हणून परत करू नका. शंका असेल तर या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमाल आहेत. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून तंजावरला रात्रीची गाडी असते, मी सोबत येईन.

आपला,
आवडीचा एक तंजावरकर