पत्रिका ते ग्रंथ : कागद आणि छपाईचा विवेक

कार्तिकी पौर्णिमा झाली की लग्नसराईचे वेध लागतात आणि व्यापारी घराच्या पेढीवर आमंत्रणपत्रिकांची चळत उभी राहते. कुणाची पत्रिका मखमली पेटीत येते, कुणाची चकचकीत प्लास्टिकच्या आवरणाची असते. प्रसंग उरकला की यांतील बहुतेक रद्दीत जातात. तीवर तीर्थंकरांची प्रतिमा किंवा णमोकार मंत्र सोनेरी फॉइलने छापलेला असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांची पंचाईत होते. ठेवायला जागा नसते आणि टाकायला मन धजत नाही. ज्ञानपंचमीला अथवा श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा करणाऱ्या घरात ही आशातना नकळत घडत राहते. तिचे मूळ छपाईच्या वेळी न केलेल्या विचारात असते.

वस्तुतः लिखित पानाची निगा जैन समाजाइतकी फार थोड्यांनी राखली असेल. पाटण आणि जैसलमेरच्या ज्ञानभांडारांत ताडपत्री पोथ्या शतकानुशतके टिकल्या. पुढे कागद आला, तरी पोथीचा आडवा लांबट आकार कायम राहिला. ताडपत्रात दोरा ओवण्यासाठी छिद्र लागे. कागदाला त्याची गरज नव्हती, तरीही लेखनिक पानाच्या मध्यभागी जागा सोडून तेथे शोभेचे वर्तुळ रेखाटीत. छापखान्याचे स्वागत मात्र सहजासहजी झाले नाही. शास्त्र छापावे की नाही, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. तरीही सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी 1880 च्या दशकात ‘जैन बोधक’ सुरू केले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपलेल्या ‘धवला’ टीकेचा पहिला छापील खंड डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये अमरावतीहून निघाला. मुद्रणामुळेच ते ज्ञान भांडाराबाहेर अभ्यासकांच्या हाती आले.

आज मुद्रकाकडे जाताना पहिला प्रश्न असावा तो आयुष्याचा. छापलेली वस्तू किती काळ टिकायला हवी? पत्रिकेचे आयुष्य महिन्याभराचे, पंचांगाचे वर्षाचे आणि ग्रंथाचे किमान दोन पिढ्यांचे असते. वर्तमानपत्री कागदात लाकडातील लिग्निन राहते, म्हणून तो लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. ग्रंथासाठी आम्लविरहित कागद मागावा. आतील पानांना 70 ते 80 जीएसएमचा मॅपलिथो पुरतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. आर्ट पेपरवर खनिज भुकटीचा लेप असतो. शाई पृष्ठभागावरच राहिल्याने छायाचित्रे उठून दिसतात, पण दिव्याखाली त्याची झळाळी वाचकाच्या डोळ्यांना त्रास देते. स्वाध्यायाच्या पुस्तकाला तो योग्य नव्हे.

कागदाला तंतूंची दिशाही असते. ग्रंथात ती पाठीच्या कण्याला समांतर असली, तर पाने सहज उलटतात. जाड पत्रिका तंतूंच्या आडव्या दिशेने दुमडली, तर घडीवर तडा जाऊन रंग निघतो. म्हणून दुमडण्यापूर्वी तीवर दाबरेघ पाडून घ्यावी.

छपाईची पद्धत संख्येवर ठरते. ऑफसेटमध्ये प्लेट आणि यंत्रजुळणीचा खर्च आरंभीच होतो, मग प्रती वाढतील तसा दरडोई भार घटतो. शंभर-दीडशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते. स्क्रीन छपाईत शाईचा थर जाड बसतो, त्यामुळे हातकागदावर किंवा गडद रंगाच्या कागदावर ती शोभते. देवनागरीबाबत विशेष सावध असावे. बारीक अक्षरे चार रंगांच्या मिश्रणाने छापली आणि रंग किंचित सरकले, तर अनुस्वार व रफार अस्पष्ट होतात. मजकूर एकाच गडद शाईत असावा. फॉइलचा वापर मोठ्या अक्षरांपुरता ठेवावा, कारण लहान अक्षरांच्या पोकळ्या भरून जातात.

अहिंसेचा प्रश्नही येथे आहेच. पूर्वी पुस्तकबांधणीत प्राण्यांपासून केलेला सरस वापरला जाई. आज बहुधा कृत्रिम चिकटद्रव्य असते, तरी विचारून घेणे बरे. चामड्याची पुठ्ठाबांधणी आणि रेशमी वेष्टन टाळता येते. पत्रिकेवर लाखेची मोहर लावण्याची हौस असेल, तर खरी लाख ही कीटकापासून मिळते, हे ध्यानात असावे. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदासाठी झाड तोडावे लागत नाही. पुण्याच्या शिवाजीनगरातील हातकागद संस्था 1940 पासून हे काम करीत आली आहे. प्लास्टिकचे लॅमिनेशन टाळले, तर पत्रिकेचा पुन्हा कागद होऊ शकतो.

हिशेबाची एक बाब सहसा कुणी मांडीत नाही. 300 जीएसएमच्या ए-4 आकाराच्या एका पानाचे वजन सुमारे 19 ग्रॅम भरते. पत्रिकेत अशी चार पाने असली, तर हजार पत्रिकांना सुमारे 75 किलो कागद लागतो. पेटी आणि पाकीट यांचे वजन वेगळेच. हेच आमंत्रण एका पानात बसवले, तर कागद चौथ्या हिश्श्यावर येतो आणि कुरियरचा खर्चही उतरतो. वाचलेली रक्कम एखाद्या दुर्मीळ ग्रंथाच्या पुनर्मुद्रणाला लावता येईल.

पत्रिकेवर प्रतिमा आणि मंत्र न छापता ‘जय जिनेंद्र’ एवढेच लिहिले, तरी मांगल्यात काही उणे पडत नाही. अंतिम संमती देण्यापूर्वी मात्र ज्या कागदावर छपाई होणार, त्याच कागदावरचा नमुना मागवावा. तो दिवसाच्या उजेडात पाहावा आणि घरातील दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा. तिथी, वार आणि नावे यांतील चूक हजार प्रती छापून झाल्यावर दुरुस्त होत नाही.