आकाश उजळले, तारे मावळले

नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता दिली. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले आणि आशियातील पाचवे उद्यान होय. महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु या बहुमानामागे एक विषण्ण करणारे सत्यही दडले आहे. एके काळी कोणाच्याही अंगणात फुकट मिळणारा काळोख आता वाघाप्रमाणे राखीव क्षेत्रात सांभाळावा लागत आहे.

ही हानी ज्यांना सर्वांआधी जाणवली, त्यांत हौशी आकाशनिरीक्षकांचा क्रम वरचा लागेल. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. तेव्हापासून महाराष्ट्रात ही हौस निष्ठेने जोपासली गेली आहे. दुर्बिणीच्या जोडीला कॅमेरा आला, तेव्हा तिचे स्वरूप पालटले. काचेवरील जुनी छायापट्टिका तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन-तीन टक्के प्रकाश नोंदवीत असे. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘सीसीडी’ या इलेक्ट्रॉनिक संवेदकाची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजचे संवेदक निम्म्याहून अधिक प्रकाश टिपतात. पूर्वी केवळ मोठ्या वेधशाळांना साधणारी गोष्ट त्यामुळे एखाद्या शिक्षकाच्या वा कारागिराच्या आवाक्यात आली.

याला केवळ करमणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांनी टिपलेल्या छायाचित्रांत गुरू ग्रहावर एक नवा काळा डाग दिसला. तो एका आघाताचा व्रण निघाला आणि जगातील मोठ्या दुर्बिणी गुरूकडे वळल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये अर्जेंटिनातील रोझारिओ येथे व्हिक्टर बुसो नवा कॅमेरा तपासून पाहत होते. त्यांनी घराच्या छतावरून घेतलेल्या चित्रमालिकेत एका अतिनवताऱ्याच्या स्फोटाचा अगदी आरंभीचा क्षण सापडला. देवयानी दीर्घिका शतकानुशतके न्याहाळली गेली आहे. तिच्याजवळ ऑक्सिजनच्या मंद प्रकाशाची एक विशाल कमान असल्याचे जगाला २०२३ मध्ये कळले, ते हौशी छायाचित्रकारांमुळेच. त्यासाठी त्यांनी शंभर तासांहून अधिक काळाचा प्रकाश साठविला होता.

परंतु येथेच एक विसंगती उद्भवते. डिजिटल छायाचित्रणाचे सामर्थ्य संकलनात आहे. एकाच भागाची शेकडो छायाचित्रे घेऊन संगणकाने ती एकावर एक रचली, की मूळ प्रकाश टिकून राहतो आणि अवांतर ठिपके विरून जातात. शहराच्या उजेडाची पिवळट छटा गणिताने वजा करता येते. एखाद्या चित्रातून उपग्रहाची रेघ गेली असेल, तर तीही गाळली जाते. यात लबाडी काहीच नाही; ही मान्य शास्त्रीय रीत आहे. तथापि तिचा सामाजिक परिणाम विपरीत होतो. भिंतीवरील दिनदर्शिकेत आकाशगंगा पूर्वीपेक्षा देखणी दिसते आणि गच्चीवरून मात्र ती दिसेनाशी होते. चित्र पाहणाऱ्याचा समज असा होतो, की आकाश जागच्या जागी आहे.

ते तसे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार मानवजातीच्या सुमारे एकतृतीयांश भागाला आकाशगंगा दिसत नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाने २०११ ते २०२२ या काळातील सामान्य नागरिकांच्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी तपासल्या. त्यावरून रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी अधिक उजळ होत असल्याचे दिसले. ज्या ठिकाणी आज जन्मलेल्या मुलाला २५० तारे दिसू शकतात, तेथे तो अठरा वर्षांचा होईपर्यंत जेमतेम शंभर उरतील, असा या वेगाचा अर्थ होतो. उपग्रहांच्या मोजणीत ही वाढ इतकी दिसली नव्हती, कारण त्यांचे संवेदक निळ्या प्रकाशाबाबत आंधळे आहेत आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांत तोच भरपूर असतो. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश मोजक्या रंगांचा असल्याने गाळणीने बराचसा अडविता येई. एलईडीच्या बाबतीत ती सोय फारशी उरत नाही. रस्त्यांवरील दिवे बदलण्याच्या २०१५ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात भारतात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसले. विजेची बचत झाली, हे निर्विवाद. पण प्रकाशाची दिशा आणि रंग यांचा विचार बचतीच्या हिशेबात पुरेसा आला नाही. त्यातच मे २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह हजारोंच्या संख्येने आकाशात गेले आहेत आणि संध्याकाळी व पहाटे ते अनेक छायाचित्रांवर रेघा ओढून जातात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की मूठभर छांदिष्टांसाठी रस्ते अंधारात ठेवायचे काय? रात्री कामावरून परतणाऱ्या स्त्रीला उजेड हवा, हे खरेच आहे. परंतु तिला उजेड पायाखाली हवा असतो. डोळे दिपविणारा आणि ढगांना न्हाऊ घालणारा नव्हे. दिव्याला वरून झाकण घालावे, त्याचा रंग उबदार ठेवावा, जाहिरातींचे फलक मध्यरात्रीनंतर विझवावेत, एवढीच ही मागणी आहे. फ्रान्सने २०१८ च्या अखेरीस असे नियम केले. पेंचच्या परिसरातील गावांनी दिवे काढले नाहीत, ते जमिनीकडे वळविले. लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये राखीव क्षेत्र घोषित झाले, तेव्हा गावकऱ्यांच्या हाती दुर्बिणी देऊन त्यांनाच त्याचे राखणदार करण्यात आले. भारतात पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये, हवेचा १९८१ मध्ये आणि आवाजाचे नियम २००० मध्ये झाले. प्रकाशासाठी मात्र तशी राष्ट्रीय चौकट नाही. महानगरपालिकांना दिवे खरेदीच्या निविदेत झाकण व रंग यांची अट घालण्यापासून कोणी रोखलेले नाही. आरंभ तेथूनच होऊ शकतो.

या कामी छायाचित्रकारांवरही एक जबाबदारी येते. संस्कारित, देखणे चित्र त्यांनी जरूर प्रसिद्ध करावे. पण त्याच्या शेजारी त्याच रात्रीचे एक मूळ, असंस्कारित चित्रही तारीख-ठिकाणासह ठेवावे. एकाच जागेवरून वर्षानुवर्षे घेतलेली अशी चित्रे म्हणजे निळ्या प्रकाशासह सारे काही नोंदविणारा पुरावाच होय. संगणकाने पुसलेली प्रत्येक रेघ आणि वजा केलेला प्रत्येक उजेड त्या चित्रात शिल्लक असतो. नगरपालिकेच्या सभागृहात दाखवायचे असेल, तर तेच चित्र दाखवावे लागेल.