घरफळ्याची हरकत: तीस दिवसांचा हक्क

मालमत्ता कराला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घरफळा म्हणतात. त्याची नोटीस आली की बहुतेक घरांत तिच्यातला एकच आकडा वाचला जातो, तो म्हणजे शेवटचा. आकडा मागच्या वेळेपेक्षा बराच मोठा असला की दोन दिवस गल्लीत चर्चा होते. "आता कुणाला सांगायचं?" असं म्हणून नोटीस वीजबिलांच्या पिशवीत जाते. महिना उलटतो आणि आकडा कायम होतो. तो चुकीचा होता की बरोबर, हे तपासायला कुणी गेलेलंच नसतं.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पदवीधर आहेत. काही पुण्या-मुंबईत नोकरी करतात आणि त्यांचे आईवडील आजऱ्यात, गडहिंग्लजला किंवा एखाद्या वाडीत राहतात. अशा वाचकांसाठी हा विषय घेतला आहे. घरफळ्याची हरकत घ्यायला वकिली लागत नाही. एक टेप, एक वही, लिहिता येणारा हात आणि तारीख लक्षात ठेवणारं डोकं एवढ्यावर काम भागतं.

२०१८ साली आजऱ्यात नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. गाव तेच राहिलं, पण घरफळ्याचा कायदा बदलला. ग्रामपंचायतीचे नियम जाऊन महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू झाला. या कायद्यानुसार साधारण चार वर्षांनी नवी आकारणी यादी तयार होते. तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. यादी प्रसिद्ध झाली की ती पाहण्याचा आणि तिच्यातून उतारा घेण्याचा हक्क घरमालकाला आहे. ज्यांचा कर वाढला किंवा ज्यांची मालमत्ता प्रथमच यादीत आली, त्यांना कलम ११९ प्रमाणे स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. हरकतीसाठी किमान तीस दिवस मिळतात. हरकत लेखी आणि कारणांसह द्यायची असते. सुनावणीला स्वतः जाता येतं किंवा आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवता येतं. शेजारच्या आजीसाठी तुम्ही जाऊ शकता, ते याच तरतुदीमुळे.

तीस दिवसांत हरकत दिली नाही तर पुढची वाट जवळजवळ बंद होते. बिल आल्यावर अपील करता येतं, पण मुदत बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांची, बिलाची रक्कम आधी भरायची, आणि मुळात नोटिशीच्या मुदतीत हरकत घेतलेली असली पाहिजे. म्हणून बिल आल्यावर धावपळ करण्यापेक्षा नोटीस आली त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करावी.

आता आकडा कसा बनतो ते पाहू. नगरपंचायतीत घराचं वाजवी वार्षिक भाडं धरतात. दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करतात. जे उरतं ते करयोग्य मूल्य. समजा, एका घराचं भाडं महिना ३,००० रुपये धरलं. वर्षाचे ३६,००० झाले, दहा टक्के गेले, करयोग्य मूल्य ३२,४०० रुपये. त्याच घराचं भाडं ५,००० धरलं तर मूल्य ५४,००० होतं. त्यामुळे "कर जास्त आहे" या वाक्यापेक्षा "याच गल्लीत एवढंच घर ३,००० रुपये भाड्याने दिलेलं आहे, हा त्याचा करार" हे वाक्य सुनावणीत जास्त उपयोगाचं ठरतं.

तालुक्यातल्या बाकी गावांत ग्रामपंचायतीचा हिशेब वेगळा आहे. डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांपासून तिथे भांडवली मूल्यावर कर लागतो. क्षेत्रफळाला जमिनीचा दर लावायचा. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाचा दर लावून घराच्या वयाप्रमाणे घसारा धरायचा. दोन्हींची बेरीज करून तिला वापराच्या भारांकाने गुणायचं. राहत्या घराचा भारांक १ आहे, व्यापारी वापराचा १.२५. नमुना आठच्या उताऱ्यावर घराची नोंद असते. आकारणी मान्य नसेल तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात उत्तर चुकलं की सूत्राआधी माहिती तपासतात. घरफळ्यालाही हीच पद्धत लावून बघा. तपासायच्या जागा चार आहेत. पहिली क्षेत्रफळ: वीस बाय तीस फुटांचं घर ६०० चौरस फूट, म्हणजे ५५.७४ चौरस मीटर होतं. अंगण किंवा परसातली उघडी जागा बांधकामात धरली आहे का ते पाहा. दुसरी बांधकामाचा प्रकार: जांभ्या दगडाचं कौलारू घर नोंदवहीत आरसीसी झालं आहे का? तिसरी वय: सत्तर वर्षांचं घर नवं म्हणून लागलं असेल तर घसारा गेलाच. चौथी वापर: ओसरीवर एक शिलाई मशीन आहे म्हणून अख्खं घर दुकान ठरलं असेल, तर ग्रामपंचायतीच्या सूत्रात मूल्य पंचवीस टक्क्यांनी वाढतं. या चारही गोष्टी फोटो, मोजमाप, जुनी पावती आणि वीजबिल यांनी दाखवता येतात.

सोबत दोन गैरसमजही दूर करायला हवेत. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी ही २०२२ पासून मुंबई महापालिकेच्या हद्दीत मिळाली, आजऱ्यात नाही. त्या आधारावर हरकत लिहिली तर ती फेटाळलीच जाणार. उलट माजी सैनिकांसाठी २०२० साली शासनाने आणलेली घरफळा माफी आपल्याकडेही लागू आहे, पण अर्ज केल्याशिवाय ती मिळत नाही. सैन्यात गेलेल्यांची घरं आपल्या भागात गावोगावी आहेत. त्यांना हे सांगायला हवं.

आता अवघड मुद्दा. नोटिसा आल्या की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्याच गल्लीवर जास्त लावलाय." दुसऱ्या गल्लीत गेलात तर तिथेही हेच वाक्य ऐकू येईल. ही शंका खरी असू शकते, खोटीही असू शकते. पण यादी सर्वांसाठी खुली असताना शंका शंकाच ठेवणं हा आपला दोष आहे. सारख्या बांधणीची, सारख्या वयाची दहा घरं घ्या, पाच आपल्या गल्लीतली आणि पाच दुसऱ्या. क्षेत्रफळ आणि धरलेलं भाडं शेजारी शेजारी लिहा. फरक दिसला तर तुमच्या हातात पुरावा आहे, आणि तो तक्ता हरकतीला जोडता येतो. फरक दिसला नाही तर मनातलं एक विष उतरलं, तेही कमी नाही. यादी पाहायला मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच, पण त्याच्या उत्तराला तीस दिवस लागू शकतात. म्हणून तो शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

मापाचा हा नियम आपल्यालाही लागू आहे. वरचा मजला परवानगीशिवाय चढवला असेल तर तो लपवून हरकत लिहू नये. अनधिकृत बांधकामावर कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद या कायद्यात आहे, आणि हरकत दिली की पुन्हा मोजणी होऊ शकते. मदत करणाऱ्याने ही गोष्ट घरमालकाला आधी स्पष्ट सांगावी आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. योग्य तेवढा कर भरायचाच आहे. गटार, दिवे, पाणी त्यातूनच येतं, आणि पूर्ण घरफळा भरणाऱ्याला तुंबलेल्या गटाराबद्दल विचारताना आवाज खाली ठेवावा लागत नाही.

नोंदवही उघडली की आणखी एक गोष्ट दिसते. कितीतरी घरं अजून आजोबांच्या नावावर असतात. नोटीस मयताच्या नावाने येते, म्हणून ती कुणी आपली मानत नाही. वारसनोंद करताना भावांची नावं लागतात आणि बहिणींची राहून जातात. घरफळ्याच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, आणि तिच्यात नाव नाही म्हणून शरियतने बहिणीला दिलेला वाटाही बुडत नाही. पण पुढे वाद झाला की हाच कागद आधी पुढे केला जातो. हरकतीच्या निमित्ताने कपाटातले कागद बाहेर येणारच आहेत, तर सगळ्या वारसांची नावं अर्जात घाला.

करायचं काय? यादी प्रसिद्ध झाल्यावर पुढचे चार रविवार गावात एक टेबल मांडा. जागा मदरशाची असो, वाचनालयाची असो किंवा एखाद्या दुकानाची ओसरी असो. येईल त्याची नोटीस वाचून दाखवा, मग तो बागवान असो, गुरव असो की कुंभार. चुकीचं क्षेत्रफळ कुणाची जात विचारून लागत नाही. घर मोजा, चार रकाने ताडून पाहा, अर्ज मराठीत लिहा. दोन प्रती काढा आणि एकीवर पोहोच म्हणून शिक्का व तारीख घ्या. आकारणी बरोबर निघाली तर तेही सांगा, "काका, हा आकडा बरोबर आहे, भरून टाका." असं सांगणाऱ्याच्या हरकतीला पुढच्या वेळी वजन येतं.

जे बाहेरगावी आहेत त्यांनी आज रात्री घरी फोन करून एवढंच विचारावं: घरफळ्याची नोटीस आली आहे का, आणि तिच्यावर तारीख कोणती आहे?