आधी नंबर, मग रंग

जुनी मोटरसायकल घ्यायला निघालेला माणूस काय काय बघतो? टाकीवर टिचकी मारतो. दोन-चार किका मारून कान लावून फायरिंग ऐकतो. धुराचा रंग बघतो, टायरमध्ये नख रुतवतो, आणि शेवटी पाचशे रुपयांवरून अर्धा तास घासाघीस करतो. चेसिस नंबर मात्र बघत नाही. "कागद क्लिअर आहेत ना?" एवढा एकच प्रश्न, आणि तोही विकणाऱ्यालाच! स्थळ बघताना मुलाच्या मामाचं गाव आणि आत्याचं सासर खोदून विचारणारी आपली माणसं, पण गाडीचं कुळ विचारायला लाजतात. याची मला मनापासून चीड येते.

सध्या जुन्या गाड्यांचं वेड जोरात आहे. आरएक्स १०० म्हटलं की लोक वेडे होतात. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली, मग बंद झाली. त्यानंतर किती गंजल्या, किती भंगारात गेल्या. तरी हवी तेवढी आरएक्स १०० आजही बाजारात मिळते. कशी? उत्तर अवघड नाही. आरएक्स १३५ ला टाकी आणि साइड पॅनल बदलून १०० चे स्टिकर लावले की झाली. ही फसवणूक त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणायची. खरी भानगड याच्या पुढची आहे.

भंगारात गेलेल्या गाडीचं आरसी बुक उरतं. कायद्याप्रमाणे गाडी मोडली की १४ दिवसांत आरटीओला कळवून रजिस्ट्रेशन रद्द करायचं असतं. कोण करतो? बुक कपाटात पडून राहतं, नाहीतर गाडीबरोबर भंगारवाल्याकडे जातं. मग दुसऱ्या गावाहून त्याच मॉडेलची गाडी उचलली जाते, तिचा नंबर घासला जातो आणि मेलेल्या गाडीचा नंबर तिच्यावर ठोकला जातो. वरून झकास रंग. कागद खरे, गाडी खरी, दोघांचा संबंध मात्र खोटा. म्हणून "कागद क्लिअर आहेत" हे उत्तर ऐकून समाधान मानणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कागद क्लिअर असतातच हो! ते या गाडीचे आहेत का, हा प्रश्न आहे.

हे तपासायला फार अक्कल लागत नाही. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तेच. हँडलच्या खाली चेसिसच्या तोंडाशी आणि इंजिनच्या केसिंगवर, दोन्ही ठिकाणी करून बघा. अक्षरांची खोली एकसारखी आहे का? एखादा आकडा तिरका किंवा वेगळ्या वळणाचा? नंबराच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या रेघा? तिथेच तेवढा रंगाचा थर जाड? नंबर ठोकताना धातू खालपर्यंत दाबला जातो, म्हणून वरून घासला तरी प्रयोगशाळेत आम्ल लावून जुना आकडा पुन्हा दिसू शकतो. लोखंडाची आठवण विकणाऱ्यापेक्षा पक्की असते. त्याशिवाय चोरीच्या गाड्यांची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत घरबसल्या बघता येते. पाच मिनिटांचं काम.

माझ्या ओळखीच्या एकाने हे पाच मिनिटांचं काम केलं नाही. चकाचक गाडी घेतली, दीड वर्ष मिरवली. एके दिवशी पोलीस आले आणि गाडी मुद्देमाल म्हणून घेऊन गेले. पैसे गेले, चौकीच्या खेपा सुरू झाल्या. सगळे त्याच्याबद्दल हळहळले. मलाही वाईट वाटलं. पण ती गाडी मुळात ज्याची होती तो इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार. रात्रपाळी सुटल्यावर घरी जायला त्याच्याकडे तेवढंच साधन होतं, आणि चोरी झाली तेव्हा कर्जाचे हप्ते चालू होते. त्याच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही! आपल्या कौतुकाच्या गाडीखाली कुणाचे तरी हप्ते दबलेले असू शकतात, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

"पण मी तर पूर्ण पैसे मोजले होते," असं म्हणून चालत नाही. ज्याच्याकडे मालकी नाही तो ती तुम्हाला देऊ शकत नाही, हे तत्त्व १९३० च्या माल विक्री कायद्यात आहे. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असताना तो घेणं हा तर भारतीय न्याय संहितेत सरळ गुन्हा आहे. निम्म्या भावात मिळणारी गाडी हे कारण नाही तर काय?

विकणारे सज्जनही काही कमी नाहीत. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करायच्या, पैसे खिशात घालायचे, विषय संपला. तीच सही घेऊन गाडी तीन हातांतून फिरते आणि मधल्या दोघांचा कुठेच मागमूस राहत नाही. साखळी तुटते ती इथे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत कळवायचं असतं. आणि नाव बदललं नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे गाडी दुसऱ्याची आणि नोटीस तुमच्या दारात.

आता सरकारबद्दल. जुन्या आरसी बुकात पानं होती. प्रत्येक मालकाचं नाव, तारीख, बँकेचा बोजा, बोजा उतरल्याचा शिक्का. माझी गाडी साताऱ्याची, एमएच ११. त्या पिवळ्या पडलेल्या पानांवरून माग काढत मी कोरेगाव तालुक्यातल्या पहिल्या मालकापर्यंत पोचलो. निवृत्त शिक्षक. मुलाने ती एकदा पुलाच्या कठड्याला ठोकली होती, हे त्यांनी हसत सांगितलं. गाडी डावीकडे का ओढते याचं उत्तर मला कुठल्याच मेकॅनिककडे मिळालं नव्हतं, ते त्यांच्या ओसरीवर चहा पिताना मिळालं. आज स्मार्ट कार्डावर काय दिसतं? आत्ताचा मालक, आणि तो कितवा आहे तो आकडा. आधीच्या प्रवासाबद्दल अवाक्षर नाही. ऑनलाइन बघाल तर नावात फुल्या. नावं झाका, माझी हरकत नाही. कुणाच्या घरचा पत्ता चव्हाट्यावर मांडायची गरजही नाही. पण कुठल्या आरटीओतून कुठे गेली, कधी गेली, इंजिन बदललं का, एवढा इतिहास घेणाऱ्याला कळायला काय हरकत आहे? नोंदी सरकारकडे आहेतच. दाखवत नाहीत, एवढंच.

आणि आमचे हौशी रिस्टोरेशनवाले! चेसिस सँडब्लास्ट करून त्यावर पावडर कोटिंगचा असा थर चढवतात की नंबर बोटालाही लागत नाही. कंपनीचा ठोकलेला नंबर बुजवायचा आणि बाजारातून 'ओरिजिनल' स्टिकर आणून चिकटवायचा, याला जतन म्हणायचं? २०२१ च्या विंटेज गाड्यांच्या नियमात पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला मान दिलाय, पण तिच्या चेसिस-इंजिनात मोठे फेरफार नसले तर. सरकारी नियमाला जे कळतं ते यांना कळत नाही.

काही जण म्हणतील, इतकी चौकशी केली तर जुनी गाडी मिळायचीच नाही. नाही मिळाली तर नाही! आपण विचारत नाही म्हणून हा धंदा चालतो. चोराला गिऱ्हाईक लागतं, आणि ते गिऱ्हाईक तुमच्या-माझ्यासारखं पांढरपेशं असतं.

असो. पुढच्या वेळी गाडी बघायला जाल तेव्हा खिशात एक पेन्सिल आणि पातळ कागद न्या. नंबरावर घासायला लागा आणि विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. निम्मी माहिती तिथेच मिळेल.