फोटोत विमान दिसतं, बॉम्ब कुठे पडला ते दिसत नाही

गेले काही दिवस जुन्या बॉम्बफेकी विमानांचे कृष्णधवल फोटो टाइमलाइनवर फिरतायत. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरचे, दुसरं सुरू व्हायच्या आधीचे. एकावर एक दोन पंख, मध्ये तारा, उघड्या कॉकपिटमध्ये गॉगल लावलेला वैमानिक. मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू? एका ब्रिटिश बॉम्बरचं तर नावच 'हॅंडली पेज हैदराबाद'!

पण फोटोखाली काय लिहिलेलं असतं? इंजिन कोणतं, वेग किती, किती वजनाचे बॉम्ब न्यायचं. ते बॉम्ब पडले कुठे, हे कुणीच लिहीत नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

दोन युद्धांमधला हा काळ शांततेचा, असं आपण समजतो. शांतता असेल ती लंडन-पॅरिसात. १४ एप्रिल १९१९ ला, म्हणजे जालियनवाला बागेच्या दुसऱ्याच दिवशी, गुजरांवाल्यात लोकांवर विमानांतून बॉम्ब टाकले, मशीनगन चालवली. पुढे हंटर समितीसमोर त्याची चौकशी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात चार इंजिनांचं हॅंडली पेज काबूलवर गेलं आणि अमीराच्या राजवाड्यावर बॉम्ब टाकून आलं. १९२२ पासून इराक ताब्यात ठेवायची जबाबदारी रॉयल एअर फोर्सकडे आली. कारण साधं होतं. पायदळापेक्षा विमान स्वस्त. १९२५ मध्ये वझिरिस्तानात तर पन्नासहून जास्त दिवस नुसत्या विमानांनीच मोहीम चालवली.

काहीजण म्हणतील, अहो, आधी पत्रकं टाकून गावकऱ्यांना सूचना द्यायचे की! द्यायचे, मान्य. पण माणूस डोंगरात पळाला तरी घर, गुरंढोरं, उभं पीक कुठे नेणार?

आणि हे सगळं चोरून चाललेलं नव्हतं. मार्च १९३३ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ब्रिटनने मसुदा मांडला : हवाई बॉम्बफेक बंद करावी, फक्त दूरच्या प्रदेशांत 'पोलिसी कामासाठी' सूट असावी. म्हणजे आमच्या शहरांवर नको, तुमच्या गावांवर चालेल!

आता आपल्याला टोचणारी गोष्ट. त्यानंतर पंधरवड्यात, १ एप्रिल १९३३ ला, कराचीत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. चार वापिटी विमानं. आपली मुलं वैमानिक झाली, त्याचा अभिमान आहेच आणि असायलाच हवा. पण १९३७ मध्ये हीच वापिटी वझिरिस्तानच्या मोहिमेत उतरली. कालपर्यंत खाली असलेल्यांपैकी काहीजण आता कॉकपिटमध्ये होते, हुकूम मात्र साहेबाचाच होता. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात वापिटी आजही आहे. गेलात तर जरूर बघा, पण ही गोष्ट लक्षात ठेवून बघा.

फोटो शेअर करू नका, असं मी म्हणत नाही. उलट करा. फक्त इंजिनाच्या माहितीखाली एक ओळ जास्त लिहा : हे विमान कुठे वापरलं, आणि खाली कोण होतं. आजही आपण युद्धाचे व्हिडिओ वरूनच बघतो ना? ड्रोनचा कॅमेरा, पडद्यावर एक ठिपका, मग धूर. खाली कोण होतं, हे विचारायची सवय जुन्या फोटोंपासून लावून घेतली, तर आजचे व्हिडिओ बघतानाही ती उपयोगी पडेल.

पटलं तर सांगा, नाही पटलं तर जरूर भांडा.