काटा फेका, टेप आणा!

परवा आमच्या ऑफिसात "तीन महिन्यांत सर्वांत जास्त किलो घटवा" स्पर्धेचं बक्षीस वाटप झालं. पहिल्या आलेल्या पठ्ठ्यानं शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा तोडलं होतं म्हणे. टाळ्या! मागे उभा असलेला आमचा एक किडकिडीत मित्र समोसा खात म्हणाला, "आपल्याला काय टेन्शन, आपण फिट!" शर्टाखाली छोटंसं मडकं आहे, पण बीएमआय २२. म्हणजे एचआरच्या यादीत हिरवा.

माझं म्हणणं सरळ आहे. ही स्पर्धा बंद करा. आपण चुकीचं व्हेरिएबल मॉनिटर करतोय.

चरबी म्हणजे नुसतं गोडाऊन, हा समज १९९४ सालीच मोडीत निघाला. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूनं लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशी हे हार्मोन रक्तात सोडतात आणि "साठा पुरेसा आहे, आता खाणं आवर" असा निरोप मेंदूला देतात. चरबी वाढली की निरोप ढिगानं जातात, मेंदू ऐकेनासा होतो. भूक काही आवरत नाही, पण रक्तदाब चढवण्याचं लेप्टिनचं काम मात्र चालूच राहतं. उलट रक्तवाहिन्यांची काळजी घेणारं ॲडिपोनेक्टिन चरबी वाढली की घटतं. हृदयाला दोन्हीकडून मार!

आता "आपण फिट"वाल्यांसाठी. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी? यडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. काट्याला दोघं सारखेच!

त्याच वर्षी अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरची कातडीखालची नऊ-दहा किलो चरबी लायपोसक्शननं काढली. आमच्या स्पर्धेत त्या हमखास जिंकल्या असत्या. पण दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर रक्तदाब, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, ॲडिपोनेक्टिन, काहीच सुधारलं नव्हतं. आतली, आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी जागच्या जागी होती ना!

"मग वजन उतरवूच नये का?" असं कोणीतरी विचारणारच. उतरवा की! खाणं आवरून, घाम गाळून उतरवलंत तर आतली चरबीही वितळते, रक्तदाब उतरतो, आणि वजन बऱ्यापैकी घटलं तर ॲडिपोनेक्टिनही वाढतं. पण पाणी तोडून घटवलेल्या दोन किलोंचं हृदयाला काडीचं कौतुक नाही.

तेव्हा एचआर मंडळी, काट्याऐवजी शिंप्याचा टेप आणा. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढे गेली की धोक्याची घंटा. सोबत रक्तदाब मोजा. आणि हो, पहिला नंबर त्या समोसेवाल्याचा लावा.

बक्षिसासाठी नाही हो, मोजायला!