थाळावरचं मीठ



मुलींच्या खतन्याबाबत, म्हणजे जननेंद्रियाच्या छेदाबाबत, आपल्या पानावर आलेली दोन्ही पत्रं वाचली. एकाच्या मते हे सगळं इस्लामचंच. दुसऱ्याच्या मते इस्लामचा काडीचा संबंध नाही, ही आफ्रिकेतली जुनी रूढी. दोघांनीही अर्धंच सांगितलं.

पहिल्या पत्रलेखकाने इजिप्तकडे बघावं. तिथे कॉप्टिक ख्रिस्ती घरांतही ही चाल आहे. मेम्फिसच्या एका ग्रीक पपायरसात तिचा उल्लेख सापडतो, तो इसवी सनापूर्वी १६३चा. पैगंबरांच्या जन्माला तेव्हा सातशेहून जास्त वर्षं अवकाश होता. कुराणात ती नाही. पाकिस्तान-बांगलादेशातल्या बहुतेक मुस्लिम घरांना तर ती ठाऊकही नाही.

पण दुसऱ्या पत्रलेखकाने मुंबईतल्या दाऊदी बोहरा आईला काय सांगायचं? तिच्या जमातीचा आधारग्रंथ 'दाइम अल-इस्लाम', दहाव्या शतकातल्या फातिमी काझी नुमानचा. त्यात मुलीच्या खतन्याची गोष्ट येते. एक हदीसही दाखवली जाते. ती नोंदवणाऱ्या अबू दाऊदनेच तिला कमकुवत ठरवलं, हे मात्र कुणी सांगत नाही. सुन्नींच्या शाफई पंथात तर हे कर्तव्यच मानलं गेलं. हा धर्म नव्हेच, असं बाहेरून सांगणं सभ्यपणाचं असेल, खरं नाही.

माझी एक बोहरी मैत्रीण बँकेत वीस वर्षं शेजारच्या काउंटरवर होती. सातव्या वर्षी तिला आजीने आइस्क्रीमचं आमिष दाखवून भेंडीबाजारातल्या एका अंधाऱ्या जिन्याने वर नेलं. 'हरामनी बोटी', म्हणजे पापाचा मांसाचा तुकडा, काढायची, एवढंच कानावर पडलं. धर्म की रीत, हे मीही तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "अगं, जेवायला थाळावर बसलं की आम्ही आधी बोटाने मीठ चाखतो. तो धर्म की रीत, हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारलंय?"

तिच्या घरात जी फोड कधी झालीच नाही, ती आपण न्यायालयात करायला बसलोय. २०१७ साली खतन्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका आली. प्रथा पाळणाऱ्या बायकांची संघटनाही उभी राहिली: हा आमच्या धर्माचा अविभाज्य भाग आहे, त्वचेचा जरासा छेद, विच्छेदन नव्हे. २०१८मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं, २०१९मध्ये शबरीमला मंदिरप्रवेशाच्या प्रकरणाच्या गुंत्यात अडकलं. महिला व बालविकास मंत्रालयाने तर अधिकृत आकडेवारीच नाही, असं सांगून ठेवलं होतं. जे आजी, आई नि दाई यांच्यातच राहतं, त्याची नोंद कोण ठेवणार?

हाच घोळ पूर्वीही झाला होता. १८९१चं संमतिवय विधेयक आठवावं. शरीरसंबंधासाठी मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढाच प्रश्न. पण पुण्यात गर्भाधानाच्या शास्त्रार्थावर रान उठलं. भांडारकरांनी पोथ्या उघडल्या, टिळकांना सरकारचा हस्तक्षेप नको होता. आगरकरांचा सूर वेगळा: जाच होतोय ना, मग शास्त्र काय म्हणतं त्याची वाट कशाला बघायची? मी आगरकरांच्या बाजूची. खतना धर्मातून आला हे सिद्ध झालं, तरी सात वर्षांच्या पोरीच्या अंगाला ब्लेड लावायची मुभा त्यातून निघत नाही. नुसती रूढी ठरली, तरी ती आपोआप सुटणार नाही.

बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायदा आहेच, असं वकील म्हणतील. पण खतन्याचं नाव घेऊन मनाई करणारा कायदा हवा, आणि तो आयांना तुरुंगात धाडण्यासाठी नको. माझ्या मैत्रिणीने स्वतःच्या मुलीला नेलं नाही. सासूला मात्र "करून आणलं" म्हणून सांगितलं. सरकार पकडतं, एवढं म्हणता आलं असतं तर खोटं बोलावं लागलं नसतं. सासू जाऊन नऊ वर्षं झाली; नणंदांसमोर ती अजून तेच सांगते.

(मैत्रीण ओळखली जाऊ नये म्हणून कृपया नाव छापू नये.)

— एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली